२० वॅटच्या गिटार अँपला कोणतं पेडल घेऊ? बजेट ६,००० (फोंडा)

तारछेडी, फोंडा
नमस्कार मंडळी. आमचा ऑर्केस्ट्रा जत्रांचे आणि लग्नांचे कार्यक्रम करतो. माझ्याकडे २० वॅटचा साधा ट्रान्झिस्टर अँप आहे, इफेक्ट्स लूप (अँपच्या स्वतःच्या फाटीनंतर पेडल जोडायची सोय) नाही, आणि एक स्वस्तातलं डिस्टॉर्शन पेडल (पायाने चालू-बंद करायची, गिटारचा आवाज फाडणारी डबी). घरी झकास वाजतं. मांडवात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड सुरू झाले की गिटार गायब! इक्यू (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करणारं) घेऊ की ओव्हरड्राइव्ह (सौम्य फाट देणारं)? सहा हजारांवर एक रुपया नाही.

व्हॉल्व्हवाला, पणजी
पेडलांच्या नादी लागू नकोस, ट्यूब अँप (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) घे. मी ४० वॅटचा घेतला आणि प्रश्नच मिटला. थोडं थांब, पैसे साठव. ट्रान्झिस्टरवर कितीही पेडलं लाव, तो आवाज येणार नाही.

तारछेडी
दादा, बजेट शीर्षकातच आहे.

म्हापशेकर_बेस
आधी सांग, अँपवर बास, मिड, ट्रेबल (खालचे, मधले, वरचे सूर) कितीवर आहेत? पैज लावतो, मिड तळाला असणार. हळू आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून घरी आपण तेच चढवतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. मांडवात आवाज वाढला की तो खर्ज फुगतो. तुझी जाड तार ८२ हर्ट्झची, तिथे बेस आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात आधीच ठाण मांडून बसलेत. तुझी खरी जागा साधारण ५०० ते २,००० हर्ट्झ. बास ३, मिड ७, गेन (आवाज किती फाटायचा ते ठरवणारा नॉब) निम्मा कर. एकट्याने वाजवताना नाकात बोलल्यासारखं वाटेल, वाटू दे. आणि अँप जमिनीवर ठेवू नकोस, फळ्यांचं स्टेज असेल तर खर्ज आणखी घुमतो. खुर्चीवर ठेव, मागे थोडा कलता, म्हणजे तुलाही ऐकू येईल. यातलं सगळं फुकट आहे.

सातपट्टी, वास्को
बॉस कंपनीचं जीई-७ इक्यू डोळे मिटून घे. १०० ते ६,४०० हर्ट्झ सात पट्ट्या, प्रत्येक १५ डेसिबल वर-खाली, शिवाय वेगळा लेव्हल. २०० थोडी खाली, ८०० आणि १,६०० थोड्या वर, आणि सोलोच्या वेळी पायाने चालू. माझं वर्षानुवर्षं चालतंय. डिस्टॉर्शनच्या नंतर लाव.

मडगावचा_लीड
नंतर नाही, आधी! आधी खर्ज कापला तर डिस्टॉर्शन घट्ट वाजतं, चिखल होत नाही. ट्यूब स्क्रीमर (ओव्हरड्राइव्ह पेडल) हेच करतो, ७२० हर्ट्झच्या आसपास उंचवटा आणि खालचं कमी. इक्यू वगैरे नको, तसलंच एखादं ओव्हरड्राइव्ह घे.

सातपट्टी
आधी लावून सोलोला आवाज वाढतो का रे कधी? नुसती फाट वाढते.

म्हापशेकर_बेस
दोघांचंही खरं आहे, भांडता कशाला? आधी लावलं तर काय फाटायचं ते ठरतं, नंतर लावलं तर फाटलेल्याला आकार येतो. मात्र तारछेडीच्या अँपला लूप नाही. त्याने अँप क्लीनवर (आवाज न फाडता) ठेवून डिस्टॉर्शन पेडलाकडूनच घेतलं तर नंतरचं इक्यू सोलोला उचलेल. अँपचाच गेन चढवला असेल तर नाही.

दमटहवा, डिचोली
सगळे टोनवर बोलताय, वीज कुणी बघतच नाही. एका जत्रेत अर्थिंग नव्हतं, तारेला हात लावून माइकला ओठ टेकले आणि असा झटका बसला की गाणं तिथेच थांबलं. मांडववाल्याला आधी अर्थिंग विचार. दुसरं, पेडलं ९ व्होल्टची, बहुतेकांना मधला टोक निगेटिव्ह लागतो, भलता अडॅप्टर लावून जाळू नकोस. आणि आपल्याकडचा पावसाळा! पॉट (नॉबखालचे भाग) खरखरतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मार आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाक.

नवखा_पेडणे
मिड वाढवून बघा. माझाही हाच अनुभव.

व्हॉल्व्हवाला
ट्यूब अँपला मिड वाढवावा लागत नाही.

म्हापशेकर_बेस
बाब, फेंडर कंपनीच्या पद्धतीच्या ट्यूब अँपमध्ये तिन्ही नॉब मध्यावर ठेवले तरी मिड दबलेलाच असतो. तिथे तर वाढवावाच लागतो.

तारछेडी
सर्वांचे आभार. कालच्या रिसेप्शनला मिड ७, बास ३ आणि अँप खुर्चीवर. गायिका स्वतःहून म्हणाली, आज गिटार ऐकू येतेय! पेडल मात्र मडगावात एकाकडून वापरलेलं रॅट (डिस्टॉर्शन पेडल) घेतलं, बजेटच्या आत. ते वाजवलं आणि हातातून ठेववेना. जुनं डिस्टॉर्शन विकायचंय, कुणाला हवं असेल तर कळवा.

सातपट्टी
रॅट?! सगळ्यांनी इक्यू नाहीतर ओव्हरड्राइव्ह सांगितलं होतं.

मडगावचा_लीड
इक्यू फक्त तूच सांगितलंस. तारछेडी, रॅटचा फिल्टर उलटा चालतो, उजवीकडे फिरवलास की वरचे सूर कापले जातात. स्टेजवर घाईत विसरू नकोस.

नवखा_पेडणे
डिस्टॉर्शन कितीला देणार?