मदत हवी आहे : लिव्हर-ॲक्शन रायफलच्या (खालचा दांडा ओढून गोळी भरण्याच्या) साइट, म्हणजे नेम धरण्याच्या खुणा, बदलण्याबाबत

मी टेक्सासमध्ये राहतो आणि 'सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी'च्या नियमांनुसार होणाऱ्या काउबॉय नेमबाजी (जुन्या धाटणीच्या बंदुकांची) स्पर्धांमध्ये भाग घेतो. माझ्याकडे उबर्टी कंपनीची, १८७३ सालच्या विंचेस्टर रायफलच्या धाटणीची रायफल आहे. तिची मागची साइट शिंगांसारखी दोन्ही बाजूंनी वर वळलेली असल्यामुळे जवळची पोलादी लक्ष्येही अर्धीअधिक झाकली जातात, आणि एका लक्ष्यावरून दुसऱ्याकडे वळताना पुढची माशी (नळीच्या टोकावरची साइट) मागच्या साइटच्या खाचेत शोधण्यात वेळ जातो. प्रत्येक हुकलेल्या गोळीमागे ५ सेकंदांचा दंड असल्याने नुसती घाई करूनही भागत नाही.

ही शिंगे कानशीने घासून सपाट करावीत, खाच किंचित रुंद करावी म्हणजे माशीच्या दोन्ही अंगांना उजेडाची फट दिसेल, आणि पुढे जाड पितळी मण्याची माशी बसवावी, असा माझा विचार आहे. मात्र नव्या माशीची उंची मूळ माशीपेक्षा कमी भरली तर गोळी वर लागेल, हे उघड आहे. तेव्हा उंची आधी कशी ठरवावी? घोड्यामागे, दस्त्याच्या मानेवर बसणारी, बारीक छिद्रातून पाहण्याची टँग साइट नियमात बसते, पण छिद्र मोठे करून ती वेगासाठी खरोखर उपयोगी पडते का? फायबर ऑप्टिक किंवा दुर्बीण कृपया सुचवू नये. ती या प्रकारात चालत नाही. मूळ साइट जपून ठेवून वेगळी घेतलेली सुटी साइट घासणे बरे, असे मला वाटते. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे, त्यांनी खाचेची रुंदी आणि मण्याचा व्यास यांचे प्रमाण किती ठेवले, हे कळवावे.