मदत हवी आहे: लर्निंग लायसन्स असताना 'विनापरवाना' म्हणून चलान, भरावं की कोर्टात जावं?

भाचा, वय १९. माझ्या नावावरची स्कूटर (महाराष्ट्र पासिंग) घेऊन एकटाच क्लासला निघाला होता. नाक्यावर अडवलं. लर्निंग लायसन्स चालू मुदतीतलं आहे, डिजिलॉकरमध्ये दाखवलंही, पण 'एल'ची पाटी नव्हती आणि मागे पक्कं लायसन्सवाला कोणी बसलेला नव्हता. आता दोन ई-चलान आलेत: त्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ३/१८१ (विनापरवाना गाडी चालवणं) खाली ५००० आणि मालक म्हणून मला ५/१८० (परवाना नसलेल्याला गाडी चालवू देणं) खाली ५०००. इन्शुरन्स, पीयूसी ठीक. हेल्मेट होतं. अपघात नाही, गाडी जप्त नाही. तो सज्ञान असल्याने पालकांना २५,००० दंडाचं कलम १९९अ इथे लागत नाही, एवढं मलाही कळतं.

ऑनलाइन तक्रार टाकली, ती एका ओळीत बंद झाली. चौकीवर म्हणाले, 'कोर्टात सांगा.' ओळखीचा एजंट म्हणतो लोकअदालतीत निम्म्यात सुटेल, पण एजंट काय, काहीही म्हणतात.

माझं म्हणणं, नियम मोडला हे खरं, पण तो लर्निंग लायसन्सच्या अटींचा (केंद्रीय मोटार वाहन नियम ३). त्याला थेट विनापरवाना धरता येतं का? पैसे भरले तर ती गुन्ह्याची कबुली ठरून पुढे पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत अडते का? आणि त्याची पक्क्या लायसन्सची टेस्ट तोंडावर आलीय. चलान थकीत असताना आरटीओ अडवतं का? वकिलांनी किंवा ज्यांनी स्वतः हे निस्तरलंय त्यांनी सांगावं.