कॉक्लिअर इम्प्लांट: ऑपरेशन झालं, स्विच-ऑनला अजून अडीच आठवडे. मधल्या काळात काय सांभाळायचं?

कृष्णाकाठ

वडील, वय ६३, मधुमेह आहे (गोळ्या चालू). उजव्या कानाचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी आतल्या कानात बसवायचं उपकरण) पुण्यात झालं, आज सहावा दिवस. डाव्या कानात हिअरिंग एड आहे. डोक्याची घट्ट पट्टी दुसऱ्या दिवशी काढली, टाके दहाव्या दिवशी काढणार, स्विच-ऑन, म्हणजे यंत्र पहिल्यांदा सुरू करणं, २३व्या दिवशी. डिस्चार्जच्या कागदावर 'कान कोरडा ठेवा, नाक शिंकरू नका' एवढंच लिहिलंय.

सध्याच्या तक्रारी: जिभेच्या उजव्या बाजूला तांब्याची चव येते. कानाची वरची पाळी बधिर आहे. गिळताना कानात टिकटिक होते. उठताना तोल जातो. घास चावताना कानापुढे दुखतं. यातलं काय आपोआप जाईल आणि कशासाठी लगेच डॉक्टरांना गाठायचं? चष्मा, डोक्यावरून आंघोळ, तेल याबद्दलही सांगा. आणि स्विच-ऑन लगेच का करत नाहीत? वडील रोज विचारतात.

मास्टॉइड

ऑपरेशनमध्ये काय केलंय ते एकदा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पथ्यं पाठ करावी लागत नाहीत. कानामागे चीर घेऊन तिथलं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ हाड ड्रिलने कोरतात. मग चेहऱ्याची नस आणि चवीची नस यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून मध्यकर्णात पोचतात आणि गोगलगाईच्या शंखासारख्या आतल्या कानात इलेक्ट्रोडची तार हळूहळू सरकवतात. या तारेला जोडलेला, बाहेरून सिग्नल घेणारा रिसीव्हर कानाच्या वर-मागे, कातडीखाली कवटीला टेकून बसतो.

तांब्याची चव त्या चवीच्या नसेमुळे. जिभेच्या त्याच बाजूच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव ती नेते. ऑपरेशनमध्ये ती ताणली जाते. बहुतेकांची चव काही आठवड्यांत, काहींची काही महिन्यांत सुधारते. तोवर जेवण बेचव लागतं म्हणून मीठ-साखर नकळत वाढते. मधुमेह असल्याने यावर लक्ष हवंच.

बधिरपणा कातडीतल्या बारीक नसा चिरल्या गेल्याने येतो आणि कित्येक महिने राहू शकतो. धोका बधिरपणाचा नाही, भाजण्याचा आहे. गरम पाण्याची पिशवी किंवा हेअर ड्रायर त्या बाजूला लावू नका. चटका बसला तरी कळणार नाही. टिकटिक आणि बुडबुडे मध्यकर्णात साठलेल्या रक्त-पाण्याचे असतात, ते दोन-चार आठवड्यांत शोषलं जातं. चावताना दुखतं कारण जबड्याचा एक स्नायू चिरेजवळच असतो. मऊ भात, खिचडी, थालीपिठाऐवजी धिरडं, एवढ्यावर आठवडाभर भागवा.

आता नाक. नाकामागून मध्यकर्णात एक नळी जाते. जोरात शिंकरलं की हवा त्या नळीतून वर चढते आणि आता पलीकडे कोरलेली पोकळी आहे. हवा थेट कातडीखाली शिरू शकते. कानामागे एकदम फुगवटा येतो आणि बोटाने दाबलं तर पापड मोडल्यासारखी करकर जाणवते. शिवाय तार आत जाते तिथलं तोंड ऊतीच्या बारीक तुकड्याने बंद केलेलं असतं, ते जुळायला वेळ लागतो. म्हणून शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, नाक वाहिलं तर नुसतं टिपायचं. कागदावर लिहिलेलं नसतं, पण आपल्याकडे हमखास आढळणाऱ्या गोष्टी म्हणजे तपकीर, कपालभाती, भस्त्रिका, जलनेती आणि देवापुढे शंख फुंकणं. सर्जन हो म्हणेपर्यंत हे सगळं बंद.

कुंथणंही तसंच. पुढचे तीन-चार आठवडे कमोड वापरा. डॉक्टरांना विचारून रात्री साधा इसबगोल, एक-दोन चमचे, पेलाभर पाण्यातून. चवीच्या पाकिटांत बहुधा साखर असते. भरलेली बादली उचलू नका. १५ लिटरची बादली म्हणजे १५ किलोंवर वजन झालं. गॅसची टाकी तर सोडाच.

लगेच डॉक्टरांना गाठायचं ते असं: चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणं, पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाण्याचे थेंब गळणं किंवा घशात खारट पाणी उतरणं, ताप आणि मान आखडणं, जखमेतून पू, कानामागे झपाट्याने वाढणारी सूज, उलट्यांसह गरगर वाढत जाणं. चेहऱ्याची तपासणी घरी रोज सकाळी करा. दात दाखवायला सांगा, गाल फुगवायला सांगा, डोळे घट्ट मिटायला सांगा. सूज नसेवर उशिरा येते, त्यामुळे पहिले काही दिवस सगळं ठीक असूनही दुसऱ्या आठवड्यात चेहरा वाकडा होऊ शकतो. उपचार लवकर सुरू झाले तर बहुतेक वेळा पूर्ववत होतो. नाकातलं पाणी नेहमीच्या शेंबडासारखं रुमालावर वाळून कडक झालं नाही तर संशय आणखी घ्यावा, पण रुमाल वाळायची वाट बघत बसू नका.

ताप-मान आखडण्यावर एवढा भर देतोय कारण इम्प्लांट असलेल्यांना मेंदूज्वराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, विशेषतः ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत. न्यूमोकोकलची लस ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी झालेली असावी. फाइलमध्ये नोंद बघा. राहिली असेल किंवा दुसरा डोस बाकी असेल तर पुढच्या भेटीत स्वतःहून विषय काढा, हे निसटतं.

साखर: ऑपरेशनच्या वेळी स्टेरॉइड दिलं असेल तर काही दिवस साखर चढते. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी तपासून वहीत लिहा. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नका. वेदनेसाठी लिहून दिलेलीच गोळी. अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढतो.

आंघोळ खांद्यांखालून. डोक्यावरून पाणी टाके निघून जखम कोरडी दिसल्यावर, सर्जनने सांगितलं की मगच. तेव्हाही डोकं मागे कलवून, तांब्याने, जखमेवर धार न पाडता. पंच्याने टिपायचं, चोळायचं नाही. केसांना तेल जखम पूर्ण भरेपर्यंत नाही. आणि कानात कोमट तेल, लसणीचं तेल, जखमेवर हळद किंवा चुना कुणीही कितीही मायेने सुचवलं तरी नाही. चष्म्याची उजवी दांडी चिरेवर घासते. काही दिवस चष्म्याच्या दुकानातून ती दांडी काढून घ्या, नाहीतर खाली गॉझची मऊ घडी ठेवा.

श्रवणपटल

स्विच-ऑनबद्दल मी लिहिते, ऑडिओलॉजी हे माझं काम.

बाहेर लावायचा प्रोसेसर (आवाज टिपणारं यंत्र) कातडीवरच्या कॉइलमधून आतल्या रिसीव्हरला रेडिओलहरींनी वीज आणि सिग्नल दोन्ही पाठवतो. कॉइल मॅग्नेटने धरून राहते. कातडीला सूज असेल तर मॅग्नेट पकडत नाही, आणि ओढून बसवलं तर ताज्या जखमेवर दाब येतो. दुसरं कारण आतलं आहे. तार आत गेल्यावर तिच्याभोवती ऊतीचा पातळ थर जमू लागतो, त्यामुळे इलेक्ट्रोडचा अवरोध पहिल्या आठवड्यांत वाढतो आणि वापर सुरू झाला की बहुधा उतरून स्थिरावतो. हलत्या आकड्यांवर केलेलं मॅपिंग, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडच्या पातळ्या ठरवणं, लगेच बदलावं लागतं. काही केंद्रांत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही सुरू करतात, त्यात चूक काही नाही. पण मधुमेह असलेल्या ६३ वर्षांच्या माणसासाठी २३वा दिवस मला योग्य वाटतो. वडिलांना सांगा, यंत्र तयार आहे, जागा तयार होतेय.

तोवर इम्प्लांटमधून काहीच ऐकू येणार नाही. उजव्या कानाने आधी थोडं ऐकू येत असेल तर तेही कमी झालेलं असू शकतं. याचा अर्थ ऑपरेशन फसलं असा नाही. इलेक्ट्रोडना नस प्रतिसाद देते का ही चाचणी बहुतेक ठिकाणी टेबलावरच करतात. तिचा निकाल फाइलमध्ये असेल तर झेरॉक्स घेऊन ठेवा. कानातला आवाज, शिट्टी किंवा घुंई, या काळात वाढू शकतो. शांततेत तो जास्त छळतो, म्हणून डाव्या कानातलं हिअरिंग एड दिवसभर चालू ठेवा. बऱ्याच जणांचा हा आवाज प्रोसेसर सुरू झाल्यावर कमी होतो.

बोलण्यासाठी: डाव्या बाजूने, समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड ठेवून. ओरडू नका, ओठांचा आकार बिघडतो. मोबाइलवर लाइव्ह ट्रान्स्क्राइब (बोललेलं लगेच अक्षरांत दाखवणारं अॅप) मराठीत चालतं. ते आत्ताच सवयीचं करा, स्विच-ऑनच्या दिवशी ऑडिओलॉजिस्टच्या सूचना समजायलाही लागेल.

आणि कातडीखालच्या मॅग्नेटला फ्रिजवरचं फुलपाखरू चिकटतंय का हे घरात कुणीही करून बघू नये. नातवंडांना आधीच सांगून ठेवा.

तोलमोल

चक्करबद्दल थोडं. ऑपरेशन तोलाच्या अवयवाला खेटूनच असतं, म्हणून काही दिवस ते काही आठवडे डगमगणं अपेक्षित. दर दिवशी कणभर कमी व्हायला हवं. खाटेच्या कडेला मिनिटभर बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, नजर समोरच्या एका वस्तूवर, मग उभं राहायचं. रात्री संडासच्या वाटेवर दिवा जळता ठेवा, पायपुसणी उचलून ठेवा. अंधारात डोळ्यांचा आधारही जातो. चक्करच्या गोळ्या पहिले काही दिवस ठीक, पण आठवडेच्या आठवडे ओढल्या तर मेंदू दुसऱ्या कानाच्या मदतीने सावरायला शिकतो ते लांबतं. किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टरांकडून तारखेसकट लिहून घ्या. घरातल्या घरात चालणं मात्र रोज वाढवा. दुचाकी नको, मागे बसूनही नको. हेल्मेट नेमकं रिसीव्हरवर दाबतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज अकरावा दिवस. काल टाके काढले, जखम कोरडी आहे. चव तशीच, तोल बराच सुधारला. पण आज सकाळी कानाच्या वर-मागे रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी मऊ सूज दिसतेय. लाल नाही, दुखत नाही, ताप नाही. इथले फॅमिली डॉक्टर म्हणतात पाणी झालंय, सुईने काढून टाकू.

मास्टॉइड

सुई अजिबात घालू देऊ नका. सूज बरोबर रिसीव्हरवर आहे. सुईने आतल्या उपकरणाला इजा होऊ शकते आणि त्याहून वाईट म्हणजे बाहेरचे जंतू आत जातात. उपकरणावर जंतुसंसर्ग पक्का बसला तर कधी कधी अख्खं इम्प्लांट काढावं लागतं. काढायचंच ठरलं तर ते सर्जन निर्जंतुक वातावरणात करतील.

लाल नाही, गरम नाही, दुखत नाही, म्हणजे बहुधा रक्तजल किंवा जुनं रक्त साठलंय. बॉलपेनने सुजेच्या कडेभोवती रेघ ओढा, बाजूला वेळ लिहा, फोटो काढून आजच सर्जनला पाठवा. ते बहुधा दाबाची पट्टी पुन्हा बांधायला बोलावतील. स्वतः क्रेप बँडेज आवळू नका. बधिर कातडीवर किती आवळलं ते वडिलांना कळत नाही. झोप डाव्या कुशीवर किंवा उताणं, डोक्याखाली दोन उशा. सूज रेघेबाहेर गेली, लाल किंवा गरम झाली, ताप आला किंवा दाबल्यावर करकर झाली, तर फोनवर न थांबता निघा.

फॅमिली डॉक्टरांना इम्प्लांटचं कार्ड दाखवा, कंपनी आणि मॉडेल नंबर त्यावर असतो. ते कार्ड पाकिटात कायम राहू द्या. पुढे कधी एमआरआय सांगितला तर आधी ते दाखवायचं, आत मॅग्नेट आहे आणि कुठल्या मॉडेलला काय चालतं ते ठरलेलं असतं. एक्स-रे आणि सीटीला अडचण नाही. मानेच्या दुखण्यासाठी फिजिओथेरपीत डायथर्मीचा (विद्युतलहरींनी दिलेला) शेक मात्र आता आयुष्यभर वर्ज्य.

कृष्णाकाठ

सर्जनने संध्याकाळीच बोलावलं. रक्तजल आहे म्हणाले, पट्टी ४८ तासांसाठी बांधली. सूज उतरली नाही तर स्विच-ऑन आठवडाभर पुढे जाईल. त्या दिवशी काय काय घेऊन जायचं?

श्रवणपटल

आठवडा पुढे गेला तर जाऊ द्या, निकालात त्याने फरक पडत नाही.

त्या दिवशी डाव्या कानाचं हिअरिंग एड आणि त्याचे जादा सेल, चष्मा, ऑपरेशनचा कागद, साखरेची वही, गोळ्या आणि खाऊ, कारण दीड-दोन तास सहज जातात. मॅग्नेटच्या जागेवरचे केस फार दाट वाढले असतील तर तेवढेच बारीक करा. घरातलं एक माणूस असं न्या जे पुढे रोज सराव घेणार आहे. कॉइल लावणं, बॅटरी बदलणं, प्रोग्रॅम बदलणं त्यानेही हाताने करून बघायचं.

आधी इलेक्ट्रोड तपासतात. त्यांची संख्या इम्प्लांटच्या ब्रँडप्रमाणे बदलते: न्यूक्लियसला २२, मेड-एलला १२, अॅडव्हान्स्ड बायॉनिक्सला १६ असतात. मग प्रत्येक जागी 'आत्ता जेमतेम आलं' आणि 'एवढं पुरे' या दोन पातळ्या ठरवतात. वडिलांनी त्रास होत असतानाही 'चालेल' म्हणू नये, हे त्यांना आधी पटवा. पहिल्या दिवशी आवाज टिकटिक, पिपाणी किंवा यंत्रमानवासारखे येतील, माणसाचा आवाज ओळखू न येणं साहजिक आहे.

मॅग्नेट वेगवेगळ्या ताकदीचे येतात. सूज असताना थोडं जोरदार लागू शकतं, ती उतरल्यावर हलकं घ्यायचं. रोज रात्री कॉइल काढल्यावर खालची कातडी बघा. अर्ध्या तासात न जाणारा लाल वळ दिसला तर ऑडिओलॉजिस्टला कळवा. बधिर जागेवर दुखणार नाही, डोळ्यांनीच बघावं लागेल. सेलवर चालणारा प्रोसेसर असेल तर इम्प्लांटसाठीचेच ६७५ नंबरचे झिंक-एअर सेल घ्या, हिअरिंग एडचे साधे लवकर बसतात. रात्री प्रोसेसर ड्राय बॉक्समध्ये (ओल शोषणाऱ्या डबीत), पावसाळ्यात तर न चुकता. सेल मात्र काढून बाहेर.

उरलेल्या दिवसांत सरावाची वही करून ठेवा. एका पानावर आ, ई, ऊ, श, स, म हे सहा आवाज. रोज सकाळी प्रोसेसर लावला की तोंड झाकून, क्रम बदलून म्हणायचे. पुढच्या पानांवर जोड्या: काल–गाल, टाळ–डाळ, पान–बाण, तार–दार, चार–सार. त्यानंतर घरातल्यांची नावं, वार, आणि रोजची वाक्यं, 'चहा घेणार का', 'गोळी घेतली का'. अक्षर मोठं काढा. सुरुवातीला वाचत वाचत ऐकायचं, मग कागद उलटा ठेवायचा. सराव घेताना डावं हिअरिंग एड वीस-तीस मिनिटं बंद ठेवायचं, नाहीतर सगळं काम डावा कानच करतो.