पोलिसांच्या पिस्तुलात कुठली गोळी? हॉलो पॉइंट मागणारे रक्ताला चटावलेले नाहीत

सडेकर, रत्नागिरी

काल एक पोस्ट सगळीकडे फिरत होती. मजकूर असा: हॉलो पॉइंट म्हणजे दमदम गोळीच, १८९९च्या हेग घोषणेने तिच्यावर बंदी आहे, ती पोलिसांसाठी मागणारे रक्ताला चटावलेले आहेत, आपल्या पोलिसांना साधी बॉल गोळीच शोभते. खाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग. म्हणून सविस्तर लिहितोय. हॉलो पॉइंट म्हणजे टोकाला भोक असलेली, अंगात शिरली की पसरणारी गोळी. बॉल म्हणजे बंद, गोल नाकाची, न पसरणारी. दमदम हे जुन्या पसरणाऱ्या गोळीचं नाव.

हेगची घोषणा युद्धापुरती आहे. सह्या केलेल्या देशांनी एकमेकांशी लढताना शरीरात पसरणारी गोळी वापरायची नाही, एवढाच तिचा अर्थ. ठाण्यातल्या फौजदाराचा तिच्याशी काही संबंध नाही. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९८ साली हॉलो पॉइंटकडे वळायचं ठरवलं ते बॉल गोळी एकातून आरपार जाऊन दुसऱ्याला लागते म्हणून. जर्मनीचे पोलीसही पसरणारी गोळीच वापरतात. हे सगळे रक्तपिपासू काय?

गोळी तपासायला मांसासारखं घट्ट जिलेटिन वापरतात, त्यात ९ एमएमची बॉल गोळी दोन फुटांच्या आसपास जाते. माणसाची छाती समोरून पाठीपर्यंत किती असते? उरलेला जोर घेऊन ती पुढे कोणाकडे जाते याचा विचार करा. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असतो तेव्हा किनाऱ्यावर उभे राहा, नाहीतर गणपतीच्या आदल्या दिवशी रत्नागिरी स्टेशनात. तिथे मागे कोणीच नाही अशी दिशाच सापडत नाही. अमेरिकेच्या एफबीआयची चाचणी त्याच जिलेटिनमध्ये कमीत कमी १२ आणि जास्तीत जास्त १८ इंच मागते. हॉलो पॉइंट पसरते आणि त्या मापात थांबते.

माझे वडील पोलिसात होते. जत्रेच्या बंदोबस्तात एकजण कोयता घेऊन धावून आला. वडिलांनी रिव्हॉल्वर काढलं, पण चालवलं नाही, कारण त्या माणसाच्या मागे दशावताराला बसलेली बायकापोरं होती. वार खांद्यावर बसला. तो हात पुढे डोक्याच्या वर कधी गेला नाही, शर्ट घालायलाही आईची मदत लागायची. आता मला कोणी माणुसकी शिकवू नये.

वकील, चिपळूण

वडिलांबद्दल आदर आहे. पण तुमच्याच गोष्टीत उत्तर आहे, सडेकर. त्यांनी बार काढला नाही, हा त्यांचा विवेक. तो गोळीच्या आकारात बसवता येत नाही.

हेगचा मुद्दा चुकीचा होता, हे मान्य. पण कायदा हेगवर संपत नाही. बळाच्या वापराबद्दल संयुक्त राष्ट्रांची १९९०ची तत्त्वं वाचा. अनावश्यक इजा करणारा किंवा अनावश्यक धोका निर्माण करणारा दारूगोळा पोलिसांना देऊ नये, असं त्यात स्पष्ट आहे. शिवाय लंडनचं स्टॉकवेल स्टेशन, २२ जुलै २००५. ज्याँ शार्ल द मेनेझेस, पूर्ण निरपराध माणूस, दहशतवादी समजून डोक्यात सात गोळ्या. त्या हॉलो पॉइंट होत्या. माणूस ओळखण्यात चूक झाली तर ही गोळी त्याला जगायची संधीच ठेवत नाही.

आणि आपल्याकडे चूक झाल्यावर काय होतं ते मी रोज बघतो. चकमकीतल्या मृत्यूंच्या तपासासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, महाराष्ट्राविरुद्धच्याच खटल्यात, नियम घालून दिले. स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, शस्त्र जमा करून तपासणी. ते नीट पाळले जातायत असा विश्वास बसल्याशिवाय अधिक मारक गोळी मागणाऱ्याबरोबर मी उभा राहणार नाही.

सडेकर

'अनावश्यक धोका' हे तर माझंच वाक्य झालं! मागच्या बाईला लागणारी बॉल गोळी हा अनावश्यक धोका नाही का? आणि डोक्यात जवळून सात गोळ्या घातल्यावर कुठल्या गोळीने कोण वाचतं? स्टॉकवेलला ओळख चुकली. तिचा दोष गोळीच्या टोकावर ढकलू नका.

वकील, चिपळूण

मग न्यूयॉर्कचंच घ्या. २४ ऑगस्ट २०१२, एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी १६ गोळ्या झाडल्या आणि वाटेने जाणारे नऊजण पोलिसांच्याच गोळ्यांनी आणि उडालेल्या तुकड्यांनी जखमी झाले. हॉलो पॉइंट घेऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. कुठे गेली तुमची सुरक्षितता?

हवालदाराची बायको

हे मला विचारा. आमच्या 'ह्यां'ची नोकरी खाडीकाठच्या ठाण्यात आहे. वर्षाला एकदा सराव, तोही बंदोबस्त लागला की पुढे ढकलतात. गेलेच तर मोजक्या गोळ्या झाडायच्या, पुंगळ्या वेचून हिशोब द्यायचा, सही करायची आणि घरी यायचं. न्यूयॉर्कमध्ये नऊजण जखमी झाले ते नेम चुकल्यामुळे. तुम्ही आरपारचं काय घेऊन बसलात, आधी गोळी लागू तर दे ना समोरच्याला. एका महागड्या गोळीच्या पैशांत सरावाच्या किती साध्या गोळ्या येतात, ते कोणीतरी मांडा इथे.

श्रीवर्धनकर

मला ही चर्चाच खटकतेय. १९९३ साली आरडीएक्स उतरलं ते आमच्या शेखाडीला. २००८ला दहाजण समुद्रातूनच मुंबईत शिरले. २०२२च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला बेवारस बोट लागली, तिच्यात तीन एके-४७ सापडल्या. घातपात नव्हता असं नंतर निघालं, पण ती बोट किनाऱ्याला लागेपर्यंत आपल्याला पत्ता नव्हता. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर एके-४७ची नळी हातांनी धरून ठेवली. हातात लाठी घेऊन उभा होता तो माणूस. अशा किनाऱ्यावर पिस्तुलाच्या गोळीच्या टोकाला भोक असावं की नसावं यावर वेळ घालवताय? सागरी पोलिसांना बोट, इंधन आणि लांब पल्ल्याचं शस्त्र द्या.

जुना आर्मोरर

नोकरी कोतमध्ये, म्हणजे पोलिसांच्या शस्त्रांच्या कोठारात गेली, म्हणून बोलतो. दोघंही अर्धंच बोलताय.

सडेकर, ही गोळी घालणार कशात? खात्यात अजून ईशापूरची ९ एमएम ऑटो पिस्तुलं आहेत. मूळ घडण ब्राउनिंग हाय पॉवरची, जुनी. चेंबरकडे, म्हणजे नळीमागच्या काडतुसाच्या जागेकडे, गोळी चढवणारा तिचा उतार गोल नाकाच्या बॉल राऊंडसाठी केलेला. हॉलो पॉइंटचं नाक बोथट असतं, ते तिथे अडकू शकतं. दुसरा बार काढताना पिस्तूल अडकलं तर गोळी किती पसरली असती याला काही अर्थ राहत नाही. ३८च्या रिव्हॉल्वरचं तर विचारूच नका. ती काडतुसं मुळातच मंद, हॉलो पॉइंट उमलायला लागतो तो वेग त्यांच्यात नाही. मग ती टोकाला भोक असलेली बॉल गोळीच. जाड कपड्याचा बोळा त्या भोकात बसला की चांगल्या वेगाची गोळीसुद्धा कधीकधी तशीच वागते.

वकीलसाहेब, तुम्ही 'अधिक मारक' म्हणालात, ते तसं सरळ नाही. मायामीत एफबीआय आणि दरोडेखोरांची चकमक, ११ एप्रिल १९८६. एफबीआयच्या माणसाची हॉलो पॉइंट नेमकी बसली, पण हृदयापर्यंत पोचायच्या आत थांबली. गोळी खाल्लेला तो माणूस त्यानंतरही लढत राहिला आणि दोन एजंट मेले. १२ इंचांची अट आली ती त्यानंतर. मग ते मोठ्या बोअरकडे, म्हणजे जाड गोळीच्या पिस्तुलांकडे गेले, आणि २०१४च्या सुमारास परत ९ एमएमवर आले, कारण गोळ्या सुधारल्या होत्या आणि कमी धक्क्याच्या पिस्तुलाने माणसाचा नेम जास्त बसतो. वहिनी म्हणतायत तेच ते.

खोऱ्यातलो, कुडाळ

तुमच्या इंचांत माका पडाचा नाय, पण गोळयेचो विषय निघालो हा तर ऐका. माझ्याकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आसा, आजोबापासूनचा लायसन. २०२४च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबराक लागली, मतदान २० नोव्हेंबराक. म्हणजे भात कापणेक इल्ला त्याच टायमाक. बंदूक ठाण्यात जमा करा म्हणून सांगणा इला. जमा केलंय. रानडुकरांनी भाताचो कुणगोच्या कुणगो आडवो केल्यानी. बंदूक परत गावली तेव्हा नळयेत जंग. माझ्यावर एक गुन्हो नाय. ह्या कोणाक सांगूचा?

सडेकर

काका, वेगळा धागा काढा की. इथे पोलिसांच्या गोळीबद्दल चाललंय.

खोऱ्यातलो, कुडाळ

वेगळो कित्याक? पोलिसांचीच गोष्ट सांगतंय. ज्या खोलीत माझी बंदूक जंगली, त्याच खोलीत त्यांची काडतुसा ठेवतत. तुका अमेरिकेतलो जिलेटिन दिसता, आमचो दमट पाऊस दिसना नाय?

माडबनातला

काकांना पाठिंबा. आमच्या वाडीतल्या सगळ्या बंदुका दर निवडणुकीला जमा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. वानरांना आचारसंहिता लागत नाही. नारळ शहाळं व्हायच्या आत खाली पडतो. परवाना शेती राखायला दिला ना? मग शेती असते तेव्हाच तो काढून कसा घेता?

वकील, चिपळूण

सरसकट जमा करायचा नियमच नाही. छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करायचा असतो. जामिनावर सुटलेला, गुन्ह्याचा इतिहास असलेला, पूर्वी निवडणुकीत दंगा केलेला, अशांची शस्त्रं घ्यायची. ठाण्यातून सरसकट निरोप जातो तो कामाचा कंटाळा म्हणून.

श्रीवर्धनकर

वा. समुद्रातून माणसं येतील तेव्हा डुकरांवर बोलत बसा.

खोऱ्यातलो, कुडाळ

तू तांदूळ इकत घेतस मां? मग गप ऱ्हव.

जुना आर्मोरर

भांडू नका. काका मुद्द्यावरच आहेत.

मी कोतमध्ये सगळ्यात जास्त वैताग काढला तो खाऱ्या हवेचा. चामड्याच्या पट्ट्यात पितळी काडतूस राहिलं की कातडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांनी पितळेवर हिरवा थर चढतो. त्यात आपला पावसाळा. तोच राऊंड रोज मॅगझिनमध्ये भरायचा, संध्याकाळी काढायचा, परत भरायचा. भरून भरून नाक आत दबतं, काडतुसाची लांबी कमी होते आणि आतला दाब वाढतो. हे होत असताना हिशोब मात्र बरोबर जुळतो, कारण राऊंडची संख्या तेवढीच असते! संख्या मोजतात, राऊंड कोणी बघत नाही. मी पावसाळ्याआधी जुने राऊंड सरावाला काढा आणि नवे वाटा म्हणून लेखी दिलं होतं. वरून उत्तर आलं, खर्च कसा दाखवणार. सरावात बार न उडालेले राऊंड मी स्वतःच्या हाताने वेगळे काढलेत. तेच काडतूस ओंबळ्यांसारख्या माणसाच्या हातात असतं तर?

हवालदाराची बायको

हे वाचून पोटात गोळा आला. ह्यांचा पट्टा चामड्याचाच आहे. आज रात्री बघायला सांगते.

जुना आर्मोरर

वहिनी, हिरवं दिसलं तर घरी घासू नका. पॉलिश, तेल काही लावू नका, तेल प्रायमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत उतरलं तर तो मरतो आणि बार उडत नाही. कोतमध्ये बदलून मागा, आणि लेखी मागा.

सडेकर

ठीक आहे. जुन्या पिस्तुलांत आणि ३८मध्ये ही गोळी नको, पटलं. सराव आधी, तेही पटलं, वहिनींसमोर दुसरं काय बोलणार. पण नवी पिस्तुलं मिळालेल्या ठाण्यांचं काय? तिथे बॉलच चालू ठेवायची, कारण आपल्याला सराव देता येत नाही? मग जत्रेतल्या बायकापोरांनी आपल्या कंजूषपणाची किंमत द्यायची. हे मी मान्य करणार नाही.

जुना आर्मोरर

नव्या पिस्तुलांसाठी माझा विरोध नाही. जी गोळी देणार तिच्याच दोनशे गोळ्या त्याच पिस्तुलातून काढा, पावसाळ्यात, घामट हाताने. एकही अडकली नाही तर मी सही करतो. आणि दरवर्षी त्या बदलायचा पैसा आधी मंजूर करून घ्या. तो नसेल तर बॉल बरी, ती निदान स्वस्तात बदलता येते.

वकील, चिपळूण

आणि प्रत्येक गोळीबारानंतर स्वतंत्र तपास. ती अट मी सोडणार नाही.

खोऱ्यातले काका, लायसन नंबर आणि ठाण्याचं नाव इथे टाकू नका, मला खाजगीत पाठवा. छाननी समितीकडे करायचा अर्ज मी लिहून देतो, फी नको. पुढची आचारसंहिता लागायच्या आत द्यायला हवा, नंतर कोणी वाचत नाही.

खोऱ्यातलो, कुडाळ

धाडतंय. वाडयेतले आणखी सातजण आसत, त्यांचेय धाडू?