दीड लाख वस्तीचे कुरासाओ विश्वचषकात कसे पोहोचले?

झरीचा मास्तर

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षक आहे. १९ नोव्हेंबर २०२५ला शाळेत निघण्यापूर्वी मोबाइलवर निकाल पाहिला. किंग्स्टनमधला जमैका आणि कुरासाओ यांचा सामना ०-० असा बरोबरीत सुटला होता आणि तेवढ्या एका गुणावर कुरासाओ २०२६च्या फुटबॉल विश्वचषकासाठी पात्र ठरला होता. वर्गात मुलांना ते बेट दाखवायला गेलो, तर भिंतीवरच्या नकाशात व्हेनेझुएलाच्या डोक्यावर नुसते एक टिंब होते, त्याला नावही नव्हते. लोकसंख्या सुमारे १ लाख ५६ हजार आणि क्षेत्रफळ ४४४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडचा एखादा तालुकाच. सहावीतल्या एका मुलाने लगेच विचारले, "सर, मग आपला तालुका काऊन नाही जात?" मला धड उत्तर देता आले नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. हा संघ नेमका कशाने आणि किती वर्षांत उभा राहिला? आणि यातले बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले आहेत असे वाचले. ते खरे असेल, तर याला त्या बेटाच्या फुटबॉलचा विकास म्हणता येईल का?

जुना गोलरक्षक, कामठी

मास्तर, तुमच्या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, म्हणून थोडे मागून सुरू करतो.

कुरासाओ हा स्वतंत्र देश नाही, तो नेदरलँड्सच्या राज्याचा एक स्वायत्त घटक आहे. १० ऑक्टोबर २०१० पर्यंत तो 'नेदरलँड्स अँटिलीज' या बेटसमूहात मोडत असे. तो समूह विसर्जित झाला आणि फुटबॉलमधली त्याची जागा कुरासाओकडे आली. त्यामुळे आजच्या नावाने खेळणारा हा संघ जेमतेम पंधरा वर्षांचा आहे. बेटावर फुटबॉल मात्र जुना आहे. विलेमस्टाड या राजधानीतल्या मैदानाला ज्या एर्गिलिओ हाटो यांचे नाव आहे, ते १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अँटिलीजचे गोलरक्षक होते. (गोलरक्षकाच्या नावाचे मैदान आहे, हे सांगायची संधी मी सोडणार नव्हतो.)

आता खेळाडूंविषयी. या बेटावर १९१८ पासून शेल कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता आणि निम्मे बेट त्याच्या भरवशावर जगत होते. यंत्रे वाढली तशी माणसे कमी होत गेली, १९६९च्या मे महिन्यात कामगारांचा उद्रेक होऊन विलेमस्टाडचा काही भाग जळाला, आणि १९८५ मध्ये शेलने बेट सोडले. कुरासाओच्या लोकांचे नागरिकत्व डचच असल्यामुळे व्हिसाचा प्रश्न नव्हता. पोटापाण्यासाठी हजारो कुटुंबे नेदरलँड्सला गेली. आपल्याकडे जिनिंग बंद पडले की गावातली तरणी पोरे पुण्याला जातात, तसेच. त्या कुटुंबांची मुले डच क्लबांच्या प्रबोधिनींत फुटबॉल शिकली. कर्णधार लिआंद्रो बाकुना आणि त्याचा भाऊ जुनिन्यो हे ख्रोनिंगनचे, तर गोलरक्षक एलॉय रूम नाइमेखनचा. तहिथ चाँग विलेमस्टाडमध्ये जन्मला खरा, पण तोही लहानपणीच फेयेनूर्डच्या प्रबोधिनीत गेला.

डच पारपत्र सगळ्यांकडेच असल्याने नुसत्या नागरिकत्वावर कुरासाओकडून खेळता येत नाही. खेळाडूचा स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी एकाचा जन्म बेटावर झालेला असावा लागतो, नाहीतर तेथे काही वर्षे वास्तव्य तरी असावे लागते. शिवाय २०२० मध्ये फिफाने संघ बदलण्याचे नियम सैल केले, त्यामुळे तरुणपणी नेदरलँड्सकडून एखाददुसरा सामना खेळलेल्यांनाही दार उघडले.

मात्र दार उघडे असणे वेगळे आणि कोणी आत येणे वेगळे. २०१५ मध्ये पॅट्रिक क्लायव्हर्ट प्रशिक्षक झाला. त्याची आई कुरासाओची. बार्सिलोनाकडून खेळलेला माणूस फोन करतो म्हटल्यावर डच लीगमधली मुले बेटाच्या संघाचा गंभीरपणे विचार करू लागली, आणि माझ्या मते खरे वळण तेच. पुढे त्याचाच सहायक रेम्को बिसेंटिनी याच्या हाताखाली संघाने २०१७च्या अंतिम सामन्यात जमैकाला २-१ असे हरवून कॅरिबियन चषक जिंकला आणि २०१९च्या गोल्ड कप या उत्तर-मध्य अमेरिका व कॅरिबियन देशांच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्यानंतर गुस हिडिंक आले, आणि जानेवारी २०२४ मध्ये डिक अॅडव्होकाट.

याच बेटाने आपल्यालाही धडा दिलेला आहे, तो बहुतेकांच्या लक्षात नाही. जून २०१९ मध्ये थायलंडच्या किंग्ज कपमध्ये कुरासाओने भारताला ३-१ असे हरवले होते. आपला एकमेव गोल सुनील छेत्रीचा होता, तोही पेनल्टीवर. तेव्हा 'हे कोण?' असे म्हणून आपण विसरून गेलो.

चिखलीचा वाचक

वरील माहिती उत्तम आहे, पण एक बाजू राहिली. या वेळी विश्वचषकात ३२ ऐवजी ४८ संघ आहेत, आणि अमेरिका, कॅनडा व मेक्सिको हे उत्तर-मध्य अमेरिका व कॅरिबियन विभागातले तिन्ही बलाढ्य संघ यजमान म्हणून आधीच आत आहेत. वाट एवढी मोकळी यापूर्वी कधीच नव्हती. त्यांचे श्रेय मी नाकारत नाही. पात्रतेच्या दहा सामन्यांत ते एकदाही हरले नाहीत. हैतीला ५-१, बर्म्युडाला ७-० आणि जमैकाला घरच्या मैदानावर २-० असे हरवले. पण शेवटच्या सामन्यात जमैकाचे फटके तीनदा गोलखांबाला लागले आणि भरपाई वेळेत त्यांना मिळालेली पेनल्टी व्हिडिओ पाहून रद्द झाली. नशिबानेही साथ दिली, हे मान्य करायला हवे. कौटुंबिक कारणाने अॅडव्होकाट त्या रात्री मैदानावरही नव्हते.

मास्तरांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे. विकास संघाचा झाला, बेटाच्या फुटबॉलचा नव्हे. बेटावर वाढणाऱ्या चपळ मुलाला आजही बेसबॉल ओढून नेतो. १९९६ मध्ये विलेमस्टाडच्याच एकोणीस वर्षांच्या अँड्र्यू जोन्सने अमेरिकेतल्या बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजमध्ये दोन होमरन मारले, तेव्हापासून ती ओढ वाढतच गेली. फुटबॉलपटू ख्रोनिंगनमध्ये घडतात आणि झेंडा विलेमस्टाडचा असतो. ही उसनवारी झाली.

पैनगंगाकाठ

उसनवारी हा शब्द मला पटला नाही, त्यामागे अनुभव आहे म्हणून लिहितो.

आमच्या गावात दरवर्षी तुरी सोंगण्याच्या आधी कबड्डीचे सामने होतात. दहा वर्षांपूर्वी गावाचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडत असे, कारण धडधाकट पोरे चाकणला आणि हिंजवडीला होती. मग आमच्यातल्या एकाने फोन लावून सात जणांना सुटी काढून बोलावले. ती पोरे शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघाली, शनिवारी सकाळी फाट्यावर उतरली आणि दुपारी मैदानात आली. त्या वर्षी आम्ही दुसरे आलो. समोरच्या संघाने आक्षेप घेतला की ही पुण्याची पोरे आहेत. पंचांनी आधार कार्डे मागितली आणि चौघांच्या कार्डांवर पुण्याचा पत्ता निघाला. मैदानाच्या कडेला अर्धा तास गलका चालला. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "याच्या बापाचा सातबारा कुठला आहे, ते पाहा ना!" पंच हसले आणि सामना सुरू झाला.

ती पोरे येऊ लागल्यापासून गावातल्या लहान मुलांनी मैदानावरची बाभूळ तोडून रोज सराव सुरू केला. आज संघात चार जण गावातच राहणारे आहेत. बेटावर असेच होईल असा माझा दावा नाही, पण पाहायचे असेल तर पाच-दहा वर्षांनी पाहावे लागेल. चाँग तेथलाच आहे, हे बेटावरच्या दहा वर्षांच्या पोराला आज ठाऊक आहे.

चिखलीचा वाचक

दादा, उदाहरण चांगले आहे, पण तुमची पोरे कबड्डी गावातच शिकून गेली होती. बाकुना बंधू फुटबॉल तेथे शिकले नाहीत. फरक तेवढाच आहे आणि माझ्या दृष्टीने तो मोठा आहे.

झरीचा मास्तर

सर्वांचे आभार. उद्या मुलांना कारखान्यापासून सुरुवात करून सांगेन. सोडतीत कुरासाओला जर्मनी, इक्वेडोर आणि आयव्हरी कोस्टचा गट मिळाला आहे. १४ जूनला ह्यूस्टनमध्ये जर्मनीशी पहिला सामना आहे, तेव्हा शाळेला सुटी असेल. मृगाचे दिवस असल्याने वीज राहील की नाही, तेही सांगता येत नाही. एक उपप्रश्न आहे: परदेशातल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना बोलावून आपल्याला हे का करता येत नाही?

जुना गोलरक्षक, कामठी

कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे 'ओसीआय' कार्ड हे नागरिकत्व नव्हे, आणि देशाकडून खेळायला भारतीय पारपत्रच लागते. ज्याला यायचे आहे, त्याने आधीचे पारपत्र सोडायला हवे. जपानमध्ये जन्मलेल्या इझुमी अराताने ते केले होते. युरोपात चांगला करार असलेला मुलगा ते सहसा करणार नाही. कुरासाओच्या मुलांना काहीच सोडावे लागत नाही, त्यांची सगळी सोय त्या एका डच पारपत्रात आहे.

आणि पैनगंगाकाठ भाऊ, तुम्हाला एक विचारायचे आहे. तुमच्या सामन्यांत बापाचा सातबारा चालला. क्लायव्हर्टचे बेटाशी नाते आईकडून होते. तुमच्या समितीत लेकीचा मुलगा आजोळच्या गावाकडून खेळू शकतो का?

पैनगंगाकाठ

नाही. मागच्या वर्षीच एकाला बाहेर बसवले होते. पोरगा उमरखेडचा, चढाईला अतिशय चांगला, आणि आजोबा पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते. नियमावली लिहिणाऱ्यांत मीही होतो. जानेवारीच्या बैठकीत विषय मांडतो.