अमेरिकेत शाळा मालमत्ता करावर चालतात, म्हणजे नेमकं काय?

पाटीपेन्सिल: अमेरिकेतल्या वंशभेदाबद्दल आणि शाळांबद्दल काहीही वाचलं की मालमत्ता कराचा उल्लेख येतोच. कर सगळेच भरतात, मग कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वस्त्यांतल्या शाळांनाच पैसा का पुरत नाही? आणि पैसा वाढवला की मुलांची प्रगती होते का?

जमाखर्च: तिथे प्रत्येक भागातल्या शाळा चालवणारी स्थानिक संस्था, म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्ट, आपल्याच हद्दीतून कर गोळा करते. कर घराच्या किमतीवर लागतो, आणि किंमतच कमी असेल तर दर वाढवूनही हाती काही लागत नाही. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचे 1967-68चे आकडे बघा, ते याच पद्धतीला आव्हान देणाऱ्या रॉड्रिग्ज खटल्यात आले होते. तिथल्या एजवूड डिस्ट्रिक्टमध्ये 90 टक्के मुलं मेक्सिकन-अमेरिकन, 6 टक्के कृष्णवर्णीय. कर 100 डॉलरमागे 1.05 डॉलर, म्हणजे त्या महानगरात सर्वांत जास्त. पण एका मुलामागे मालमत्ता फक्त 5,960 डॉलरची. राज्याच्या किमान निधी योजनेतला आपला वाटा भरला की मुलामागे उरायचे 26 डॉलर. शेजारच्या, बहुतांश गोऱ्या अलामो हाइट्समध्ये दर 0.85, मालमत्ता 49,000च्या वर, उरायचे 333.

राज्याने काय दिलं? एकाला 222, दुसऱ्याला 225! केंद्राचे 108 आणि 36 धरून 356 विरुद्ध 594. जास्त दराने कर भरणाऱ्या आईबापांच्याच मुलांना कमी मिळालं, तरी 1973 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ही पद्धत घटनेत बसते असं ठरवलं. माझ्या मते तो निकाल अन्यायाचाच होता.

पाटीपेन्सिल: पुढे बदललं का काही?

जमाखर्च: टेक्सास राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे ती पद्धत रद्द केली. 1993 पासून श्रीमंत डिस्ट्रिक्टचा काही पैसा गरीब डिस्ट्रिक्टकडे वळवला जातो.

तुकडी_ब: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पैसा कशावर आणि कोणत्या क्रमाने खर्च होतो, त्यावर आहे. टेनेसीत 1985 पासून बालवाडी ते तिसरीची मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटली, काही 13 ते 17 मुलांच्या वर्गात, काही 22 ते 25च्या. लहान वर्गाचा फायदा कृष्णवर्णीय मुलांना जास्त झाला. कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये राज्यभर एकदम वर्गामागे 20 मुलांचा पट आणला. इतके शिक्षक आणायचे कुठून? उपनगरांत जागा निघाल्या, अनुभवी शिक्षक तिकडे गेले आणि गरीब शाळांत पात्रता पूर्ण न केलेले आले. आधी गरीब शाळांतल्या जागा भरायच्या, मग बाकीच्यांचा पट कमी करायचा.

खडूफळा: निवडीची रीतही बघा. फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीत हुशार मुलांच्या वर्गासाठी शिक्षक किंवा पालक नाव सुचवायचे. 2005 मध्ये दुसरीतल्या सरसकट सगळ्यांची छोटी चाचणी सुरू केली, तशी कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या लगेच वाढली. मंदीत चाचणीचा खर्च कापला, आणि संख्या परत खाली आली.