बॅलेचं पक्कं शिक्षण (इंग्लंड): मुलगी ८ वर्षांची, पुढची पायरी कोणती?

थेम्सकाठ

आम्ही रेडिंगला असतो. मुलगी नुकतीच ८ वर्षांची झाली, सध्या इयर थ्रीमध्ये आहे. जवळच्या क्लासमध्ये आरएडीची (रॉयल अकॅडमी ऑफ डान्स) ग्रेड वन चालू आहे, आठवड्यातून एकदा ४५ मिनिटं. तिच्या बाईंनी रॉयल बॅले स्कूलच्या ज्युनियर असोसिएटसाठी अर्ज करा असं सुचवलं आहे. आमच्या घरात बॅलेची कोणालाच माहिती नाही, म्हणून इथे विचारते.

ही पूर्ण वेळ शाळा आहे की शनिवारचा क्लास? तिथे घेतलं तर आत्ताचा क्लास सोडायचा का? निवडीत काय बघतात, आणि त्यासाठी वेगळी तयारी करून घ्यायची का? रविवारी तिचं भरतनाट्यम असतं, ते बॅलेला मारक ठरतं असं एकीने सांगितलं, ते खरं का? बॅचमधल्या एका मुलीला नवव्या वर्षी पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभं राहायचे कडक शूज) घेऊन दिलेत, आम्ही मागे पडतोय का? आणि पुढे निवासी शाळेची वेळ आलीच तर पैशांचं काय?

बार_आणि_सेंटर

मी बॅले शिकवते, त्यामुळे पहिल्या तीन प्रश्नांपुरतं सांगते.

ज्युनियर असोसिएट ही शाळा नव्हे. इयर फोर ते सिक्सच्या मुलांसाठीचं ते पूरक शिक्षण आहे. लंडन, बर्मिंगहॅम, लीड्स, मँचेस्टर अशा ठिकाणी शाळेची केंद्रं आहेत. रोजची शाळा तीच राहते आणि गावातला बॅले क्लासही चालू ठेवायचाच असतो. पूर्ण वेळ निवासी शिक्षण इयर सेव्हनपासून, म्हणजे ११व्या वर्षी. रॉयल बॅले स्कूलची ती शाळा रिचमंड पार्कमधल्या व्हाइट लॉजमध्ये १९५५ पासून आहे. सोळाव्या वर्षी पुढे कव्हेंट गार्डनच्या अपर स्कूलसाठी पुन्हा निवड होते. बर्मिंगहॅमचं एल्महर्स्ट आणि हर्टफर्डशरमधलं ट्रिंग पार्क हे त्याच तोडीचे पर्याय, आणि त्यांचेही पूरक वर्ग असतात. असोसिएटमध्ये निवड झाली नाही म्हणून अकराव्या वर्षीचा दरवाजा बंद होत नाही, तो अर्ज स्वतंत्र असतो. उलट असोसिएट असली तरी व्हाइट लॉजची जागा राखीव नसते. हे मुलीला आधीच सांगून ठेवा.

म्हणून आठ ते अकरा या वर्षांत सगळ्यात जास्त वजन कशाला असेल, तर गावातल्या शिक्षिकेला. असोसिएटचा वर्ग फार तर आठवड्यातून एकदा, बाकी सवयी लागतात त्या इथेच. या देशात कोणीही 'डान्स टीचर' अशी पाटी लावू शकतं, कायद्याने पात्रता लागत नाही. तेव्हा आरएडी किंवा आयएसटीडी या नृत्यशिक्षकांच्या संस्थेची नोंदणी, डीबीएस (गुन्ह्यांच्या नोंदीची) तपासणी आणि विमा या तीन गोष्टी सरळ विचारा. चांगल्या शिक्षिकेला त्याचं वाईट वाटत नाही.

मग एक वर्ग पूर्ण बसून बघा. आधी जमीन: लाकडी, खालून उसळी देणारी आणि वर व्हिनाइल अंथरलेली हवी. काँक्रीटवर फरशी किंवा नुसतं पातळ लॅमिनेट असेल तर उड्यांचा सगळा धक्का नडगीत जातो. मग मुलांचे पाय: प्लिए (गुडघे वाकवणं) करताना गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत जातायत का? पाय १८० अंशांत उघडलेले, पण गुडघे पुढे बघतायत आणि पायाची कमान आत कोसळली आहे, असं चार-पाच मुलांत दिसलं आणि शिक्षिका काही बोलत नसेल, तर तो क्लास सोडा. आठव्या वर्षी दोन्ही पायांत मिळून ९० ते १०० अंशांचा, पण खुब्यातून आलेला टर्नआउट (पाय बाहेर वळवणं) पुरेसा आहे. खोटा टर्नआउट पुढे मोडून काढायला वर्षं लागतात, आणि निवड करणाऱ्यांना तो पहिल्या प्लिएतच दिसतो.

आठवड्याला ४५ मिनिटं मात्र कमी पडतील. दोन वेळा एकेक तास करा. दहाव्या वर्षापर्यंत तीन-चार तास ठीक आहे. त्याच्या पुढे घाईने जाऊ नका.

निवडीचा दिवस साध्या वर्गासारखाच असतो. छातीवर क्रमांक लावतात, गटाने बार (दांडा धरून व्यायाम), मग मधोमध थोडे व्यायाम, उड्या, आणि संगीतावर मोकळं काहीतरी. बसवलेलं नृत्य लागत नाही. शरीराचं प्रमाण, खुब्यांची ठेवण, पायाची कमान आणि घोटा बघतात, पण त्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे मूल ऐकतं कसं. एक सुधारणा सांगितली की पुढच्या वेळी ती अंगात आलेली दिसते का? ताल धरतं का? डावी बाजू करताना शेजारणीकडे बघतं का? खासगी तासांत निवडीचा वर्ग घोटून घेतला की मुली पुढचा व्यायाम आधीच ओळखून करायला लागतात, ऐकणं थांबतं आणि नेमकं तेच नडतं. फोटो मागितले (बऱ्याच ठिकाणी मागतात) तर फर्स्ट पोझिशन (टाचा जुळवून), बाजूला टाँडू (ताणलेला पाय जमिनीला टेकलेला) आणि अरबेस्क (एक पाय मागे उचललेला) मोकळ्या भिंतीसमोर, कॅमेरा मुलीच्या कमरेच्या उंचीवर ठेवून काढा. वरून काढलेल्या फोटोत पाय आखूड दिसतात.

सप्टेंबरच्या प्रवेशाची निवड आधीच्या हिवाळ्यात आणि वसंतात आटोपते. अर्जाच्या तारखा शाळेच्या संकेतस्थळावर आत्ताच बघून घ्या.

घोटा_गुडघा

मी नर्तकांची फिजिओ आहे. पॉइंट शूजचा मुद्दा आधी घेते, कारण नुकसान तिथे होतं.

नवव्या वर्षी पॉइंट नको. ती मुलगी पुढे गेलेली नाही, तिला लवकर चढवलं आहे. पायाच्या हाडांची टोकं त्या वयात अजून वाढीची असतात, सगळा भार बोटांच्या टोकांवर येतो, आणि तो पेलायला घोटा, पिंढरी आणि पोटाचे स्नायू तयार नसतात. मग मूल शूजच्या आत मागे कलतं, बोटं मुडपतं, कंबर पोकळ करून तोल सांभाळतं. दुखणं लगेच येत नाही, बाराव्या-तेराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढायला लागली की येतं. आरएडीची पॉइंटचं काम असलेली पहिली परीक्षा म्हणजे इंटरमीडिएट फाउंडेशन. तिला बसायचं किमान वय ११ आहे, यावरून अंदाज घ्या.

वय हा एकटाच निकष नव्हे. क्लिनिकमध्ये मी हे बघते: गुडघा ताठ ठेवून पाय ताणल्यावर चवडा नडगीच्या रेषेत येतो का. एका पायावर, गुडघा न वाकवता, टाच पूर्ण वर अशी २० ते २५ वेळा उचलता येते का. एका पायावर उभं राहून धड पुढे झुकवून, दुसरा पाय मागे ताणून, उभ्या पायाचा गुडघा पाच वेळा वाकवला तर निदान चार वेळा तो आत न पडता सरळ राहतो का. आणि एका पायावरच्या सलग १६ सोतेंपैकी (उड्यांपैकी) ८ तरी स्वच्छ होतात का, म्हणजे हवेत पाय ताणलेला, उतरताना चवड्यावरून टाच. यात कमी पडलं तर सहा महिने थांबून पुन्हा बघायचं. सगळं जमलं तरी सुरुवात दोन्ही हात बारवर ठेवून, वर्गाच्या शेवटी १०-१५ मिनिटं एवढीच.

ताणण्याबद्दल एक कळकळीची विनंती. पालथं झोपवून 'बेडूक' करायला लावून वरून कंबर दाबणं, स्प्लिटमध्ये खांद्यावर भार देणं, पायाची कमान वाढावी म्हणून सोफ्याखाली पाय अडकवणं, हे कोणी सांगितलं तरी करू नका. खुब्याची खोबण आणि मांडीच्या हाडाचा पीळ हाडांच्या घडणीतच असतो, ताणून तो बदलत नाही, फक्त सांध्याच्या कडा आणि बंध दुखावतात. तुमची मुलगी खूप लवचिक असेल, कोपर-गुडघे मागे वाकत असतील, तर तिला ताण कमी आणि ताकद जास्त हवी. अशा मुलींचे पाय फोटोत देखणे दिसतात, पण उभं राहताना त्या गुडघा मागे लोटून 'कुलूप' लावतात. मांडी वर खेचून, गुडघा सरळ रेषेत आणून थांबायला त्यांना वेगळं शिकवावं लागतं.

आता भरतनाट्यम. मारक नाही, पण हिशेब करावा लागतो. अरमंडी (भरतनाट्यमची अर्धी बैठक) आणि डेमी-प्लिए (अर्धा प्लिए) दोन्हींत खुबे उघडतात, म्हणून टर्नआउटचे तेच स्नायू कामाला लागतात. गुडघा दुसऱ्या बोटावर हा नियमही तोच. फरक असा की अरमंडीत खाली बसून राहायचं असतं आणि अनवाणी तळवा जमिनीवर आपटायचा असतो, तर बॅलेमध्ये प्लिए सतत हलता असतो आणि चवड्यावरून टाच अलगद टेकवायची असते. टाचेच्या मागच्या बाजूला दुखतं, खास करून ८ ते १२ या वयात, त्याचं मोठं कारण म्हणजे कडक जमिनीवरचे तट्टडवू (तळवे आपटायचे व्यायाम) आणि बॅलेच्या उड्या एकाच दिवशी. दोन्हींमध्ये एक दिवस मोकळा ठेवा. भरतनाट्यमच्या हॉलची जमीनही बघा, बऱ्याच कम्युनिटी हॉलमध्ये लाकडाखाली थेट काँक्रीट असतं. अरमंडीत कंबर मागे काढायची सवय असेल तर ती दोन्हीकडे घातक आहे, गुरूंना सांगून सुधारून घ्या. ताल, मोजणी आणि चेहरा जिवंत ठेवणं मात्र भरतनाट्यमच्या मुलींना आधीच येतं. दहाव्या वर्षापर्यंत दोन्ही सुखाने चालतील.

एकूण तासांना साधा ठोकताळा: आठवड्याला जितकं वय तितक्याच तासांचा नाच आणि खेळ, शाळेची पीटी सोडून. भरतनाट्यम आणि पोहणंही त्यातच.

खाण्याबद्दल, कारण आपल्याकडे बरीच घरं शाकाहारी असतात. ७ ते १० वर्षांना इथल्या शिफारशीनुसार रोज ८.७ मिलिग्रॅम लोह लागतं, ११ पासून मुलींना १४.८. डाळ, उसळ, पालेभाजीतलं लोह कमी शोषलं जातं, म्हणून वर लिंबू पिळा आणि जेवणाबरोबर चहा देऊ नका. नाचणी, दही, पनीर रोजच्यात असू द्या. व्हिटॅमिन डी निदान हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, आणि आपल्या सावळ्या कातडीला इथे वर्षभर घेतलेलं बरं. क्लासच्या आधी एक-दीड तास पोळी-भाजी, लगेच नंतर दूध-केळं. 'पोट दिसतं' असं कोणी आठ वर्षांच्या मुलीला म्हटलं, मग ती शिक्षिका असो की आजी, तर ते तिथल्या तिथे थांबवा.

शून्य_व्हॅट

पैशांचं थोडक्यात. व्हाइट लॉज, एल्महर्स्ट, ट्रिंग पार्क यांची पूर्ण फी फार मोठी आहे आणि जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅटही आहे. पण सरकारची म्युझिक अँड डान्स स्कीम आहे. निवड झालेल्या मुलाच्या फीतला पालकांचा हिस्सा घराच्या उत्पन्नावरून ठरतो, कमी उत्पन्नाला फारच कमी. पकड एवढीच की या योजनेला इथल्या वास्तव्याचे निकष आहेत. कामाच्या व्हिसावर असाल तर ऑडिशनच्या आधी शाळेच्या बर्सरी (फी-सवलतीच्या) ऑफिसला व्हिसाचा प्रकार आणि इथे आल्याची तारीख लिहून ईमेल करा, उत्तर लेखी घ्या. मुलीची निवड झाल्यावर 'परवडत नाही' सांगण्यापेक्षा ते आधी कळलेलं बरं. असोसिएटच्या वर्गांनाही फी असते, तिथेही सवलतीचा अर्ज करता येतो. रेल्वेभाडं आणि शनिवार मोडणारा वेळ त्यात धरा.

निवासी शाळा बघायला जाल तेव्हा काय विचाराल? मुलांना मध्येच कमी करण्याचा आढावा कोणत्या इयत्तेत होतो आणि त्यानंतर शाळा बदलायला काय मदत मिळते. दुखापत झालेल्या मुलीचा दिवस कसा जातो. वजन कोण, कधी आणि कशासाठी घेतं. रात्री घराची आठवण आली तर तिच्या मजल्यावर कोण असतं. बीबीसीच्या पॅनोरमा या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाने २०२३ मध्ये नामांकित बॅले शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या तक्रारी दाखवल्या होत्या, शरीरावरून झालेल्या अपमानाच्या. त्यामुळे हे प्रश्न विचारायला संकोच नको. निवासाचा तपासणी अहवाल सार्वजनिक असतो, तो वाचून जा.

थेम्सकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, या रविवारी हॉलची जमीन बघतेच. दोन छोट्या गोष्टी. शूज एक नंबर मोठे घ्यावेत का? आणि तिच्या केसांचा अंबाडा तासाभरात सुटतो. शिवाय धाकट्या भावालाही यायचंय, तो ६ वर्षांचा आहे.

बार_आणि_सेंटर

मोठे अजिबात नको. पुढे रिकामी जागा राहिली की चवडा ताणला तरी दिसत नाही, आणि उडीत पाय घसरतो. चामड्याचे, अखंड तळव्याचे घ्या. उभी असताना बोटं सपाट आणि टोकाला नुसती टेकलेली असावीत. इलॅस्टिक घरी शिवायचं: टाचेची शिवण आत दुमडा, दुमडीच्या दोन्ही कोपऱ्यांपाशी ते जोडा. नाडीची गाठ आत खोचा, बाहेर लोंबू देऊ नका. टाइट्स गुलाबीच हव्यात का, हे प्रत्येक ठिकाणी विचारा. कातडीच्या रंगाच्या टाइट्स आता बऱ्याच शाळांना चालतात. २०१८ मध्ये फ्रीड या शूज बनवणाऱ्यांनी बॅले ब्लॅक या नृत्यकंपनीबरोबर तपकिरी छटांचे पॉइंट शूजसुद्धा काढले.

अंबाडा सुटतो तो बहुधा तेलामुळे. त्या दिवशी तेल नको, पाणी आणि थोडं जेल. पोनी डोक्याच्या मागे, कानाच्या वरच्या टोकाच्या रेषेत, घट्ट बांधा. आपले केस दाट, म्हणून शेपटाचे दोन भाग करा, एक उजवीकडून आणि एक डावीकडून पीळ देत चपटा गुंडाळा, उंच गोळा नको. आधी जाळी घाला, मग आकडे. यू आकाराचा आकडा अंबाड्याच्या कडेतून आधी बाहेरच्या बाजूला घालायचा, डोक्याचे केस पकडले की उलटा फिरवून आत ढकलायचा. आठ-दहा आकडे पुरतात.

भावाला जरूर आणा. मुलग्यांची सुरुवात उशिरा झाली तरी चालते, मुंबईचा अमिरुद्दीन शाह किशोरवयात बॅले शिक्षक येहुदा माओर यांच्याकडे शिकायला लागला आणि पुढे रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. सहाव्या वर्षी आठवड्याला अर्धा तास पुरे, पांढरे मोजे, काळी चड्डी आणि पांढरा टी-शर्ट. वर्गात आणखी एक तरी मुलगा आहे का एवढं बघा, एकटा असला की बहुतेक मुलगे वर्षभरात सोडतात.